उतारावरचा ट्रॅक्टर

चावी फिरवली की आमचा ट्रॅक्टर 'टक' म्हणायचा. एकदाच. मग गप्प. दिवे लागत. हॉर्न तर असा वाजे की बोडीच्या काठावरचे बगळे उठून पलीकडच्या बांधीत जाऊन बसत. फक्त इंजिन फिरत नसे. वरात निघाली आहे, बँड वाजतो आहे, पाहुणे नाचताहेत आणि नवरदेव घरीच झोपला आहे, असा तो प्रकार होता.

खुशी झोपली आहे तोवर हे लिहून काढते. तिला दाढा येताहेत, त्यामुळे तिची झोप म्हणजे गोंदियातली वीज. आहे तोवर वापरून घ्यायची.

ट्रॅक्टर बाबूजींचा. बाबूजी म्हणजे माझे सासरे, रूपलाल पटले. आमगावच्या पुढे आमचं गाव, गावाच्या टोकाला घर, घराच्या मागे बोडी. बोडी म्हणजे पाणी साठवायचं छोटं तळं, शेतीपुरतं. त्या बोडीच्या पाळीवर, उतारावर, नाक खाली करून हा छोटा जुना ट्रॅक्टर कायम उभा असायचा आणि त्याच्या पुढच्या चाकाखाली एक दगड असायचा. नवी नवरी होते तेव्हा मी विचारलं होतं, "बाबूजी, अंगणात एवढी जागा असताना तिथं का ठेवता?"

"तथून त्याले पाणी दिसते," बाबूजी म्हणाले.

मी विश्वास ठेवला. मी बी.एस्सी. आहे, विषय फिजिक्स, आणि एका ट्रॅक्टरला तळ्याचा देखावा आवडतो यावर मी तीन पावसाळे विश्वास ठेवला. बाबूजी सकाळी दगड पायाने सरकवत, ट्रॅक्टर आपोआप घरंगळू लागे, ते गिअर टाकत आणि धडधड सुरू होई. गावी असलो की खुशी पाळण्यात असल्यापासून त्या धडधडीनंच उठायची. एकदा सुरू केला की दिवसभर ते तो बंद करत नसत. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून डबा खातानाही समोर धानाच्या बांधीत ट्रॅक्टर चालूच. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटायचं की बाबूजींना त्याच्या आवाजाशिवाय जेवण जात नाही. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईलाही नवऱ्याची सगळी गुपितं कळत नसतात, एवढंच मी यावर म्हणेन.

चैत्रात बाबूजी गेले. रात्री जेवले, ट्रॅक्टरखाली दगड आहे ना ते बघून आले, झोपले. सकाळी उठले नाहीत.

तेरवीला पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा नव्हती. सुतक असो की लग्न, आमच्याकडे माणसं जीपगाड्या भरभरून येतात. तेव्हा चार नातेवाइकांनी मिळून पाळीवरचा ट्रॅक्टर खाली ढकलला आणि अंगणात, तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगाजवळ, सपाटीवर आणून उभा केला. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. बुंदीचे घास खाताखाता एकानं सीटवर हात फिरवून "काकांनी लेकरासारखा सांभाळला" असंही म्हटलं. मग गाड्या गेल्या, पाहुणे गेले आणि ट्रॅक्टर आषाढापर्यंत सपाटीवर राहिला.

आषाढात धनेंद्रनं चावी फिरवली. टक.

धनेंद्र म्हणजे माझा नवरा. गोंदियाला विम्याच्या ऑफिसात आहे, आम्ही तिथं तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. रोवणीपुरते गावी आलो होतो, तो रोज गाडीनं ऑफिसला जाई. (नवऱ्याचं नाव असं सर्रास लिहिलेलं आईंना आवडणार नाही. त्या वाचत नाहीत, म्हणून लिहिते.) त्या संध्याकाळी तो ओसरीवर बसला आणि ऑफिसात पॉलिसी समजावतो त्या आवाजात म्हणाला, "माय, यंदा हा ट्रॅक्टर चालला तर रोवणी आपण करू. नाही चालला तर शेती चुन्नीलाल काकाला ठेक्यानं देऊ, अन् तू आमच्यासोबत गोंदियाले."

आई म्हणाल्या, "बरं."

आईंचं 'बरं' आणि ट्रॅक्टरचं 'टक' यांत फारसा फरक नाही. एकदाच येतं आणि पुढे काही होत नाही.

गोंदियाला आई एकदाच राहिल्या होत्या, माझ्या बाळंतपणात. तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतताना त्यांचा हात थांबायचा. गावाकडे ते पाणी गाईच्या कुंडीत जातं. शेवटी त्या ते तांब्यात भरायच्या आणि तिन्ही मजले उतरून कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला घालून यायच्या. दिवसातून दोनदा. सोसायटीच्या सेक्रेटरीनं मला विचारलं, "भाभीजी, माताजी रोज कोणती पूजा करतात?" मी सांगितलं, तांदळाची. तेव्हा आईंसाठी गोंदिया म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं आणि आईंनाही. धनेंद्रलाही होतं, पण त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. बाप गेल्यावर माणूस एकदम हिशोबी होतो, आतून भेदरलेला असला तरी.

आता वाचणारा म्हणेल, दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं घ्या. घेतला असता. पण आमच्या बांध्या सगळ्यात आत, बोडीच्या पोटाशी. तिथवर जायला इतरांच्या बांध्या ओलांडाव्या लागतात आणि त्यांची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, होऊन बसली होती. लावलेल्या धानातून मोठा ट्रॅक्टर कोण नेऊ देईल? धुऱ्यावरून तोल सांभाळत जाणारा एवढाच, बाबूजींचा. त्याच्यामागं नांगर लावून चिखल झाला तरच रोवणी. आणि रोवणी करणाऱ्या बायांची टोळी नंदाबाईंची. नंदाबाई फाटकातच सांगून गेल्या, "गुरुवारी तुमच्याकडं येतो वं बाई. चिखल झाला तर रोवतो, नाई झाला तर पुढच्या गावाले जातो. मंग मले काऊन आली नाई म्हनजान नोको." परे, म्हणजे धानाची रोपं, तिकडं वीतभर होऊन पिवळी पडायला लागली होती.

*

पहिला सल्ला चुन्नीलाल काकांचा. ते बाबूजींचे चुलतभाऊ, मोठ्या ट्रॅक्टरचे मालक आणि शेती ठेक्यानं गेलीच तर ती घेणारे. सल्ला देणारा आणि फायदा होणारा माणूस एकच असला की लोक वाईट शंका घेतात. मीही घेतल्या. पण खोटं कशाला लिहू, सगळ्यात जास्त मदत त्यांनीच केली. वैताग येण्याइतकी केली.

"तू बी.एस्सी. ना वं?" ते मला म्हणाले.

"हो, काका."

"करंटच्याच इषयात ना?"

"फिजिक्समध्ये."

"मंग पाय ना."

अख्ख्या अंगणानं माझ्याकडं पाहिलं. मी खुशीला कडेवर घेऊन ट्रॅक्टरच्या पोटात डोकावले. माझ्या फिजिक्समध्ये बॅटरी म्हणजे एक लांब रेघ आणि एक आखूड रेघ. इथं काळं वंगण, उंदरानं कुरतडलेला पाइप आणि बाबूजींचा एक विडीचा बंडल होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, विडी सोडली असं सांगितल्यानंतरचा. मी तो कोणाला न दाखवता आत ढकलला आणि गंभीरपणे म्हणाले, "सर्किट बघावं लागेल."

"तेच तं म्हनून राहिलो," काका म्हणाले.

सर्किट बघायच्या आधी काकांनी आपला ट्रॅक्टर आणून आमचा दोरानं ओढला. ओढल्याबरोबर आमचा धडधडला. इतका सोपा उपाय निघाल्यामुळे मला थोडा अपमानच वाटला. धनेंद्रनं रविवार साधून तो धुऱ्यावरून बांधीत नेला. बाबूजींच्या हातून हा ट्रॅक्टर कधी बंद पडत नसे; धनेंद्रच्या हातून तो चालू राहत नसे. पहिल्याच वळणावर त्यानं क्लच असा सोडला की ट्रॅक्टरनं एक उचकी दिली आणि तो बांधीच्या मध्यभागी, गुडघाभर पाण्यात, उभा राहिला.

चावी. टक.

तेव्हा मला बाबूजींची पाळ, दगड आणि ट्रॅक्टर चालू ठेवून केलेलं जेवण एकदम समजलं. हा रोग जुना होता. बाबूजी त्याला उतारावर लपवत होते आणि बांधीत उतार नसतो. मी धुऱ्यावर उभी होते. आई माझ्या शेजारी होत्या आणि त्यांनाही तेव्हाच समजलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हनून जेवतानाही बंद करत नव्हते, मंग लागली नसती म्हनून."

धनेंद्र हॉर्न वाजवत होता. मदतीसाठी. चारी बाजूंनी लावलेलं धान. काकांचा ट्रॅक्टर आत येणार कसा. शेवटी गावातली बारा-पंधरा माणसं लागली, दोर लागला आणि तो बाहेर आला, वाटेत धनेंद्रची चप्पल आणि घरची थोडी इज्जत चिखलात ठेवून. आणून पुन्हा अंगणात उभा. खुशी त्या दिवशी नवा शब्द शिकली. कोणी काही फिरवताना दिसलं, नळ, कडी, रेडिओचं बटण, की ती म्हणायची, "तक."

*

आमगावहून मुन्नालाल मिस्त्री आला. त्याचं निदान मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच झालं. "सेल्फ गया, भाभीजी."

सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर. त्यानं ती काढली, पोत्यात घालून आमगावला नेली, टेबलावर बॅटरीला लावून फिरवली आणि तिचा व्हिडिओ मला पाठवला. सर्रर्र फिरत होती. घरी आणून बसवली. टक. मग त्यानं सेल्फचा स्विच बदलला. टक. क्लच दाबल्याशिवाय गाडी लागू नये म्हणून क्लचखाली एक बटण असतं, त्याची वायर काढून डायरेक्ट केली. टक. एकेक नट पान्यानं आवळून पाहिला, बॅटरीपासून निघणारी अर्थिंगची पट्टीसुद्धा. "अर्थिंग भी टाइट है," तो म्हणाला आणि कपाळावरचा घाम पुसून, बराच वेळ विचार करून, बॉनेटला लिंबू-मिरची बांधली.

"नजर लागली हाये याले," तो आईंना म्हणाला.

आईंनी ट्रॅक्टर वरपासून खालपर्यंत पाहिला. "नजर लागाले त्याच्यात हाये काय," त्या म्हणाल्या आणि मिरची सोडून घरात नेली.

मग मी सुशिक्षित माणसाचा मार्ग धरला. ट्रॅक्टर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. भाषा निवडली, आकडे दाबले, एक धून तीनदा ऐकली. शेवटी एक मुलगी आली.

"क्या मेरी बात रूपलालजी से हो रही है?"

"नहीं, मैं उनकी बहू बोल रही हूँ."

"मॅम, रजिस्टर्ड ग्राहक से ही बात हो सकती है. वो हैं?"

आई माझ्यासमोर सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. सूप थांबलं. मला माहीत आहे, दोन शब्दांत सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणाले, "बाहर गए हैं."

"कब तक आएँगे?"

मुलगी दयाळू निघाली. म्हणाली, ठीक आहे, त्यांच्या नंबरवर ओटीपी पाठवते, तो सांगा. त्याच क्षणी आतल्या खोलीत, कपाटात, बाबूजींचा मोबाइल टिंगला. मला वाटलं होतं तो कधीचाच बंद पडला असेल. आई उठल्या, मोबाइल घेऊन आल्या. पूर्ण चार्ज होता. रोज सकाळी दिवा लावताना त्या तो चार्जिंगला लावत असत, हे मला तेव्हा कळलं. त्यांना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. त्यांनी डोळ्यांजवळ धरून एकेक आकडा सांगितला, मी तो फोनमध्ये सांगितला आणि तक्रार नोंदली गेली.

माणूस कोणीच आला नाही. दुसऱ्या दिवशी बाबूजींच्या मोबाइलवर मेसेज आला. प्रिय रूपलाल, तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

"काय म्हनते?" आईंनी विचारलं.

"काही नाही. विचारताहेत, तुमचा अनुभव कसा होता."

आईंनी थोडा विचार केला. "बरा होता म्हनून सांग," त्या म्हणाल्या.

मी पाच तारे दिले.

*

खुशी मध्ये उठली होती. दूधभात झाला, एक वाटी फुटली, आता पुन्हा निजली आहे. कुठं होते मी? बॅटरी.

बॅटरीचा शोध काकांचा. ते स्वतःच्या ट्रॅक्टरवरून लाल-काळ्या जाड वायरी घेऊन आले. एका बॅटरीचा करंट दुसऱ्या गाडीला द्यायला वापरतात, तशा. लाल चिमटा लालवर. काळी वायर मात्र आखूड पडली, आमच्या बॅटरीपर्यंत पोचेना, म्हणून काकांनी तो चिमटा इंजिनावरच्या लोखंडी कडीलाच लावला आणि म्हणाले, "मार."

मी चावी फिरवली. ट्रॅक्टर लागला. जागच्या जागी, सपाटीवर, कोणी न ढकलता. वायर काढून बंद केला, पुन्हा चावी. टक.

"बॅटरी मेली तुही," काका समाधानानं म्हणाले. मीही मान डोलावली. आमच्या बॅटरीनं टक, त्यांच्या बॅटरीनं चालू. याहून स्वच्छ प्रयोग मी कॉलेजातही पाहिला नव्हता. बी.एस्सी.ची लाज राहिली म्हणून मी त्या दुपारी खुशीला आईंकडं ठेवलं, बॅटरी पोत्यात घालून गाडीनं गोंदियाला नेली आणि दुकानात जाऊन वॉरंटीचं कार्ड टेबलावर ठेवलं.

दुकानदारानं कार्ड वाचलं. "रूपलालजी को लाना पड़ेगा."

"ते वारले."

"ओह." त्यानं कार्ड उलटं करून पाहिलं, मागच्या बाजूला काही सोय असेल म्हणून. "तो फिर डेथ सर्टिफिकेट की झेरॉक्स, और वारसान का..."

"आधी बॅटरी तर तपासा."

त्यानं मशीन लावलं. काटा हिरव्यात गेला. पुन्हा लावलं. हिरव्यात. "भाभीजी, बॅटरी तो एकदम फिट है. इसका क्लेम नहीं बनता. रूपलालजी होते तो भी नहीं बनता."

आता इथं शहाण्या बाईनं काय करायचं? जे मशीन सांगतं ते ऐकायचं. पण त्याच्या बोलण्यात मला असं काही ऐकू आलं की या बाईला करंटमधलं काय कळतं. मी मान ताठ केली, मशीनवर माझा विश्वास नाही असं सांगितलं, स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून नवी बॅटरी घेतली आणि शेवटच्या गाडीनं ती मांडीशी धरून गावी आणली. स्टेशनवर धनेंद्र घ्यायला आला होता. घरी आल्या आल्या, पाय न धुता, आम्ही ती बसवली.

टक.

बगळ्यांसाठी मी हॉर्नही वाजवून पाहिला नाही.

*

बुधवार उजाडला. नंदाबाई येणार गुरुवारी. धनेंद्र ऑफिसला जाताना दारात थांबून म्हणाला, "मी संध्याकाळी काकाशी बोलतो. आता ताणून उपयोग नाही." मग माझ्याकडं न बघता, "मायचं सामान बघशील जरा."

सामान बघायची गरज पडली नाही. आईंनी पेटी काढली होती. दोन लुगडी, बाबूजींचा फोटो, मोबाइल आणि चार्जर, एवढंच ठेवून झाकण लावत होत्या. मग चुन्नीलाल काकांना निरोप द्यायला मलाच सांगितलं, "परे घेऊन जा म्हना त्याईले. पिवळे पडून राहिले. आपल्या नाई तं कोनाच्या तरी बांधीत लागू दे." आवाज असा की बाजारातून मीठ आणायला सांगताहेत. मग त्या तांदूळ धुवायला बसल्या, पाणी तांब्यात घेतलं आणि गाईच्या कुंडीजवळ गेल्या. तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या. पाणी ओतून झालं होतं, तरी उभ्या होत्या.

मी खुशीला कडेवर घेऊन अंगणात गेले. मला काकांकडं जायचं होतं. पाय ट्रॅक्टरजवळ थांबले, कारण खुशीनं इंजिनावरच्या कडीत बोट घातलं. ती कडी चांगली नवी दिसत होती, तिच्यावर दातांनी चावल्यासारख्या खुणा होत्या. काकांच्या चिमट्याच्या.

मी पाहत राहिले. काळा चिमटा बॅटरीवर लागलाच नव्हता. तो थेट इंजिनाला लागला होता. म्हणजे त्या दिवशी फरक बॅटरीचा नव्हता, वाटेचा होता. करंट बॅटरीतून जातो लाल वायरनं आणि परत येतो लोखंडातून, अर्थिंगच्या पट्टीनं. जायची वाट आम्ही सगळ्यांनी मिळून तपासली, बदलली, नवीन केली. परतायच्या वाटेवर मुन्नालालनं फक्त पाना लावून पाहिला होता. घट्ट होती, म्हणून चांगली होती. दिव्याला लागतो तेवढा करंट तिच्यातून झिरपत होता, हॉर्नलाही पुरत होता. इंजिन फिरवायला लागतो तेवढा मात्र परतत नव्हता.

मी पाना आणून अर्थिंगचा बोल्ट काढला. त्याखाली लोखंड असायला हवं होतं. त्याखाली रंग होता. पिवळा, सफाईदार, गुळगुळीत.

"आई," मी हाक मारली, "हा रंग कोणी दिला?"

आई आल्या. वाकून पाहिलं. "त्याईनं. पोळ्याले देत होते ना."

बैल विकले तरी बाबूजींनी पोळा सोडला नव्हता. पोळ्याला ते ट्रॅक्टर धुवायचे, रंगवायचे, तोरण बांधायचे. आणि रंगवायचे ते असं तसं नाही. बैलाच्या शिंगाला रंग देताना घुंगरं आणि गोंडे काढून ठेवतात, शिंग सगळं रंगवून वाळू देतात आणि मग पुन्हा बांधतात. तसंच ते करायचे. एकेक बोल्ट काढायचा, त्याखालीही रंग द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा आवळायचा. आळशी माणसानं वरच्यावर ब्रश फिरवला असता तर हा ट्रॅक्टर आजन्म चावीवर लागला असता.

"खरडावं लागेल," मी म्हणाले. "लोखंड लागेपर्यंत."

आईंनी माझ्या हातातला पाना पाहिला, आत गेल्या आणि खुरपं घेऊन आल्या. मला वाटलं त्या मला देतील. त्या स्वतःच मातीत बसल्या.

पिवळा उडाला. "हा खुशीच्या पाळन्याचा," आई म्हणाल्या. घरात उरलेला रंग बाबूजी कधी फेकत नसत, तो पोळ्याला ट्रॅक्टरला लागायचा. पिवळ्याखाली हिरवा निघाला. "हा तुमच्या लग्नातला. दाराचा." खाली निळा. "हा पंपाच्या पेटीचा." मग करडा, त्याचं त्यांना आठवेना, थोडा वेळ खुरपं थांबलं. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. अगदी तळाला लाल होता, दाट, वार्निशसारखा. आईंनी त्यावर अंगठा फिरवला. "हा चांद्याच्या शिंगाचा. चांद्या गेला, मंग हा आला."

मी म्हणाले, "आई, नको वाटत असेल तर मी..."

"खरडू दे. ते काय आतमधून पाहून राहिले काय."

लाल निघाला आणि खाली लोखंड लागलं. रुपयाएवढं, पांढरं, चकचकीत. मी पट्टी घासली, बोल्ट घासला, बसवला, आवळला. खुशी तणसावर बसून चिखल खात होती. मी चावी आईंच्या हातात दिली. त्या कधीच सीटवर बसल्या नव्हत्या. लुगडं सावरून चढल्या, मी गिअर न्यूट्रल आहे ना पाहिलं, त्यांचा पाय क्लचवर ठेवला.

"फिरवा."

"तक," खुशी म्हणाली.

ट्रॅक्टर काही म्हणाला नाही. तो धडधडू लागला.

आई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी ओरडून सांगितलं की आता बंद करा, पुन्हा लावून बघू. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा सांगितलं. "बंद नोको करू," त्या म्हणाल्या आणि तशाच बसून राहिल्या, धुरात. मी धनेंद्रला फोन लावला आणि मोबाइल इंजिनाजवळ धरला. मग त्यानं विचारलं, "कोणी ढकलला?"

"कोणी नाही."

तो दुपारच्याच गाडीनं परत आला. तोवर अर्धी टाकी डिझेल अंगणात जळून गेलं होतं आणि आई खाली उतरल्या नव्हत्या.

*

गुरुवारी चिखल झाला. धनेंद्रनं ट्रॅक्टर प्रत्येक वळणावर बंद पाडला आणि प्रत्येक वेळी चावीनं लावला. नंदाबाईंच्या बाया धुऱ्यावर बसून हसत होत्या. "बंद पाडत जा गा बाबू, तेवढंच आमाले टेकाले भेटते." चुन्नीलाल काका नुसते बघायला आले होते, ते परे टाकायलाच राहिले. "मी सांगतलोच होतो, करंटचा इषय हाये," ते म्हणाले. पुढच्या वर्षी काय, हे धनेंद्रनं सांगितलं नाही. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी पाहू, माय," एवढंच. आई म्हणाल्या, "बरं." पेटी त्यांनी अजून पूर्ण रिकामी केलेली नाही. लुगडी काढली, चार्जर काढला. फोटो आतच आहे.

रोवणी संपली त्या संध्याकाळी धनेंद्र ट्रॅक्टर अंगणात आणू लागला तर आई पाळीवर उभ्या होत्या, हातात दगड घेऊन.

"माय, आता सेल्फ लागते. कुठंही ठेवला तरी लागते."

"मले माहीत हाये," आई म्हणाल्या आणि दगड ठेवायला वाकल्या.

परवा पोळा झाला. घरात बाबूजींचं वर्ष, म्हणून सण नाही. गावातले बैल सजून गेले, काकांचा ट्रॅक्टर फुगे लावून गेला, आमचा पाळीवर तसाच उभा होता, गेल्या वर्षीच्या पिवळ्यात. दुपारी आई वाटीत तेल घेऊन गेल्या. अर्थिंगच्या बोल्टाभोवती जेवढं लोखंड उघडं होतं तेवढ्यावर त्यांनी बोटानं तेल लावलं, गंजू नये म्हणून. खुशीचंही बोट धरून लावायला लावलं.

"सगळं रंगवत होते," त्या तिला सांगत होत्या. "एवढी जागा सोडाले पायजे होती."